घरच्या कुत्र्या-मांजराला दवाखाना नेमका किती लागतो

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. तुम्ही नागपुरात मानेवाड्याला राहता, घरी ९ वर्षांचा लॅब्राडॉर आहे, वजन ४२ किलो, काही आठवड्यांपासून सकाळी उठताना त्याचे मागचे दोन्ही पाय आखडतात आणि थोडं चालला की मोकळा होतो. एका क्लिनिकमध्ये दाखवलं तर रक्ताच्या सगळ्या तपासण्या, कंबरेचा एक्सरे, पोटाची सोनोग्राफी आणि दातांचं स्केलिंग असं सगळं एकदम लिहून दिलं. इकडे घरी सासरेबुवा म्हणून राहिले, "आमच्या गावी कुत्रे का दवाखान्यात जात होते? काहून एवढा पैसा लावता?" आणि शेवटी एका ओळीत तुम्ही लिहिलं की ३ वर्षांचा एक बोका पण आहे, तो ठणठणीत आहे म्हणून त्याला अजून कधी डॉक्टरला दाखवलंच नाही.

मी नागपुरात बरीच वर्षं कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करतो, तर माझं मत सरळ सांगतो. लॅबला, म्हणजे तुमच्या लॅब्राडॉरला, त्या यादीतलं अर्धंच आत्ता लागतं. आणि बोक्याला तुम्ही देऊन राहिले त्यापेक्षा बरंच जास्त लागतं. बहुतेक घरात हे असंच उलटं झालेलं दिसतं, जातिवंत कुत्र्यावर भरपूर खर्च आणि देशी मांजराकडे कोणाचं लक्षच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सासऱ्यांचा प्रश्न चुकीचा नाहीये. गावी कुत्रे दवाखान्यात जात नव्हते हे खरंच आहे, पण ते ९ वर्षं जगतही नव्हते. अर्धी पिल्लं पहिल्या पावसाळ्यात जायची, कोणी मोजलं नाही म्हणून ते कोणाला आठवत नाही. पण त्यांच्या बोलण्यातला खरा मुद्दा पैशाचा आहे आणि तो घरात मोकळेपणानं बोलायलाच पाहिजे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता कोणतीही तपासणी सांगितली की डॉक्टरला एवढंच विचारायचं: रिपोर्ट चांगला आला तर तुम्ही काय कराल आणि खराब आला तर काय कराल? दोन्हीची उत्तरं वेगळी असतील तर तपासणी करा, थोडी महाग असली तरी करा. पण दोन्ही वेळेस औषध तेच, सल्ला तोच, तर ती सध्या राहू द्या. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न टोचत नाही, उलट बरं वाटतं की समोरचा माणूस विचार करून राहिला.

तुमच्या लॅबची यादी याच पद्धतीनं बघू. रक्त: हो, करा. कारण त्याला सांधेदुखीसाठी मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखं दुखण्याचं औषध बरेच दिवस द्यावं लागेल असं दिसतं आणि ही औषधं किडनी-लिव्हरवर जातात, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) वाढलेलं निघालं तर ते औषध देताच येणार नाही, दुसरा रस्ता शोधावा लागेल. म्हणजे रिपोर्टवरून निर्णय बदलतो. पण त्यासाठी मोठं प्रोफाइल नाही लागत, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), किडनी, लिव्हर आणि शुगर एवढं पुरे. थायरॉइडची तपासणी तेव्हा, जेव्हा खाणं कमी करूनही वजन उतरत नाही, अंगावरचे केस विरळ होऊन राहिले, दिवसभर सुस्त पडून राहतो. एक्सरे: दोन्ही पाय आखडतात, चालल्यावर मोकळा होतो, वय ९, वजन ४२, हे सगळं सांधे झिजण्याचं चित्र आहे आणि एक्सरेत तेच दिसलं तरी इलाज वजन आणि दुखण्याचं औषध हाच राहणार, म्हणून महिनाभर थांबायला हरकत नाही. पण लंगडणं एकाच पायात असतं, आठवड्यागणिक वाढत असतं, हाडावर सूज असती किंवा हात लावला की ओरडत असता, तर मी त्याच दिवशी एक्सरे काढा म्हटलं असतं, कारण मोठ्या जातीच्या कुत्र्यांत हाडाचा कॅन्सर असाच सुरू होतो. हा फरक नीट लक्षात ठेवा. सोनोग्राफी: तो जेवतो, उलट्या नाही, लघवी ठीक, हिरड्या गुलाबी, पोट सुजलेलं नाही, तर सध्या सोनोग्राफी कोणत्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही. स्केलिंग: तोंडाला घाण वास येतो का, हिरड्यातून रक्त येतं का, एका बाजूनं चावतो का, दात हलतो का, यातलं काही असेल तर करा, आणि भूल देऊनच करा. भूल न देता वरवर खरवडून दात पांढरे करून देणारे आहेत, पण खरा आजार हिरडीच्या खाली असतो, तिथवर ते पोचतच नाही. नुसते पिवळे दात असतील तर तेवढ्यासाठी ९ वर्षांच्या जाड कुत्र्याला या आठवड्यात भूल देऊ नका.

आणि या यादीत जे लिहिलंच नव्हतं तेच त्याला सगळ्यात जास्त लागतं, वजन उतरवणं. ४२ किलो म्हणजे या लॅबच्या अंगावर ८-१० किलो जास्तीचे आहेत. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरवर जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये छापून आला, त्यात जोड्या लावून एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, बाकी सगळं सारखं. कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले, जास्त खाणारे ११.२ वर्षं, आणि सांध्यांचा त्रासही कमी खाणाऱ्यांना उशिरा सुरू झाला. जवळपास २ वर्षांचं आयुष्य, तेही एक रुपया खर्च न करता. दुसऱ्या एका अभ्यासात जाड आणि लंगडणाऱ्या कुत्र्यांचं वजन साधारण ६ टक्के उतरलं की लंगडणं कमी होताना दिसलं. तुमच्याकडे ६ टक्के म्हणजे अडीच किलो, तेवढंच आधी धरा.

आता घरी काय होतं ते मला न सांगता माहीत आहे: सकाळच्या चहासोबत बिस्किटं, दुपारी उरलेल्या पोळ्या, संध्याकाळी परत चहा परत बिस्किटं, आणि रात्रीचं जेवण वेगळं, घरातला प्रत्येक जण प्रेमानं देतो आणि कोणाला वाटतच नाही की आपण जास्त दिलं. वाटीनं मोजून दोन वेळा, मधलं सगळं बंद, सासरेबुवांना द्यायचंच असेल तर काकडीचा तुकडा, गाजर, उकडलेला दुधी. बरगडीवरून हात फिरवला तर बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसायला नको. फिरवणं बंद करू नका पण वेळ सांभाळा, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सूर्य वर यायच्या आधी आणि रात्री रस्ता गार झाल्यावर, हाताचा मागचा भाग डांबरावर टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही.

एक सावधगिरी. कोणी "ताकदीचं इंजेक्शन देतो, लगेच उड्या मारेल" म्हणालं तर त्यात काय आहे ते विचारा. ते बहुतेक स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड आणि दुखण्याची गोळी एकत्र गेली तर पोटात अल्सर होतो, रक्ताच्या उलट्या होतात, जीवही जातो.

आता जिथे घासाघीस करायचीच नाही ते सांगतो. रॅबिज पहिला. एकदा लक्षणं दिसली की त्यावर इलाज नाही, ना कुत्र्यावर ना माणसावर. ३ महिन्यांचा झाला की पहिली लस, मग बूस्टर, मग आपल्या देशात दरवर्षी, देशी असो विदेशी असो, कुत्रा असो मांजर असो, फ्लॅटमधून बाहेर न पडणारं असो. लस दिलेल्या कुत्र्याला रस्त्यावरच्या कुत्र्यानं चावलं तरी जखम साबणानं धुऊन लगेच परत लस लागते, "मागच्या महिन्यातच दिली होती" म्हणून घरी बसू नका. आणि तुम्हाला किंवा पोट्ट्याला दात-नख लागलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं आणि सरळ मेडिकल किंवा मेयो यातलं कोणतं तरी सरकारी हॉस्पिटल गाठायचं, हळद-मिरची काही भरायचं नाही.

दुसरं, पिल्लांची पार्व्हो-डिस्टेंपर या दोन जीवघेण्या व्हायरसच्या आजारांची लस. ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू, दर ३-४ आठवड्यांनी, वयाचे १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. लोक दोन डोस देतात आणि थांबतात, मग चौथ्या महिन्यात पिल्लू रक्ताची शी करत येतं. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीचे डोस निकामी करू शकते म्हणून शेवटचा डोस १६ आठवड्यांचा किंवा त्यानंतरचाच असला पाहिजे, सगळा खेळ त्या शेवटच्या डोसवर आहे. मोठं झाल्यावर मात्र इथे थोडी बचत आहे: कुत्र्या-मांजरांच्या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेचे, म्हणजे डब्ल्यूएसएव्हीएचे नियम सांगतात की पिल्लूपणाचा कोर्स आणि पुढचा बूस्टर नीट झाला असेल तर पार्व्हो-डिस्टेंपरची लस ३ वर्षांच्या आत परत द्यायची गरज नसते. लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) मात्र दरवर्षी लागते, आपल्याकडे पावसाळा आहे, उंदीर आहेत, तो आजार माणसालाही होतो. आणि कुत्र्याच्या कोरोनाची एक लस असते, त्यांच्या आतड्याच्या आजाराची, माणसांवाली नाही, ती तर या नियमांत द्यायचीच शिफारस नाही. हे डॉक्टरशी बोलून ठरवता येतं.

तिसरं गोचीड. नागपुरात उन्हाळा संपून पावसाची ओल आली की माझ्याकडे टिक फिवरची, म्हणजे गोचिडातून होणाऱ्या तापाची, रांग लागते. कुत्रा जेवणं सोडतो, ताप, हिरड्या पांढऱ्या, कधी नाकातून रक्त, प्लेटलेट खाली. यातल्या काही आजारांत डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक २८ दिवस द्यावं लागतं आणि लोक आठव्या दिवशी कुत्रा जेवायला लागला की बंद करतात, मग तो परत आजारी पडतो आणि खर्च दुप्पट. त्यापेक्षा गोचिडाची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध वेळेवर दिलेलं किती तरी स्वस्त. कुत्र्याला फिट येत असतील तर ते गोळी घ्यायच्या आधीच सांगा, काही गोळ्या त्यांना चालत नाहीत. भिंतीच्या फटी, कूलरच्या मागचा कोपरा, पलंगाखाली पण बघा, गोचीड कुत्र्यापेक्षा घरात जास्त असतात. जंताचं औषध मोठ्या प्राण्याला साधारण ३ महिन्यांनी.

चौथं मादीचं ऑपरेशन. पिल्लं नको असतील तर वेळेवर करून घ्या. न केलेल्या मोठ्या वयाच्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होतो, साधारण हीट (माज) संपल्यावर १-२ महिन्यांत, खूप पाणी पिते, सुस्त, कधी खालून घाण येते आणि कधी काहीच दिसत नाही. तेव्हा ऑपरेशन करावंच लागतं पण आजारी अंगावर, जोखीम जास्त आणि खर्च कितीतरी जास्त.

आता ज्या गोष्टीत सकाळची वाट बघायची नाही. बोका परत परत मातीच्या ट्रेमध्ये बसतो, जोर लावतो, थेंबही येत नाही, लोकांना वाटतं शी कडक झाली, पण लघवी अडकलेली असते आणि दीड-दोन दिवसांत जीव जातो. जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेनसारखा मोठ्या छातीचा कुत्रा उलटीसाठी उबळ काढतो पण काही निघत नाही आणि पोट ढोलासारखं ताठ, पोटाला पीळ पडलेला असतो, तासांचा प्रश्न. हिरड्या पांढऱ्या किंवा निळ्या, श्वासाला धडपड, फिट थांबत नाही, मादीला तासाभर कळा येऊन पिल्लू नाही, उंदराचं औषध खाल्लं, लस न झालेलं पिल्लू उलट्या आणि रक्ताची शी. हे सगळं रात्री १२ ला झालं तरी निघायचं. म्हणून आजच दोन डॉक्टरांचे नंबर, त्यात एक रात्री उचलणारा, फ्रीजवर चिकटवून ठेवा, वेळ आल्यावर शोधत बसलो की तासभर तिथेच जातो.

आणि उष्माघात, हा तर आपल्याच शहराचा आजार. पारा ४५ च्या वर, लाईट गेली, कूलर बंद, आणि घरात चपट्या नाकाचा पग किंवा पर्शियन मांजर. कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०५ च्या वर गेलं की मेंदू, किडनी, आतडी सगळ्याला धक्का बसतो. जोरजोरात धापा, चिकट लाळ, लाल जीभ, चालताना तोल जाणं. आधी घरीच साध्या नळाच्या पाण्यानं पूर्ण भिजवा, पंखा लावा, मग ओल्या अंगानंच गाडीत घालून निघा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आतली गरमी बाहेर पडत नाही. थोडा शांत झाला तरी डॉक्टरला दाखवाच, आतलं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं. हस्की घ्यायचा विचार करणाऱ्यांना मी तर स्पष्ट सांगतो की नागपुरात नका घेऊ.

पैशाचं बोलायचं तर आत गेल्याबरोबर सांगा की आमची एवढी तयारी आहे. लोक लाजतात, सगळ्याला हो म्हणतात, दोन दिवस येतात आणि तिसऱ्या दिवशी येणंच बंद, अर्धवट इलाजात पैसा पण जातो आणि प्राणी पण. आधी सांगितलं तर डॉक्टर त्या पैशात सगळ्यात उपयोगाचं काय ते निवडू शकतो. पार्व्होचंच बघा. पिल्लू २४ तास भरती ठेवून सलाईन देणं सगळ्यात चांगलं, पण अमेरिकेतल्या कोलोराडो स्टेट विद्यापीठात ४० पिल्लांवर अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापला, सुरुवातीला सगळ्यांना शिरेतून सलाईन देऊन सावरलं, मग अर्ध्यांना भरती ठेवलं आणि अर्ध्यांना रोज चामडीखाली पाणी आणि उलटी थांबवायचं इंजेक्शन, शिवाय अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन असं साधं पॅकेज दिलं. भरतीवाली ९० टक्के वाचली, साध्या पॅकेजवाली ८० टक्के. म्हणजे भरती परवडत नाही तर घरी नेऊन मरू द्यायचं असं अजिबात नाहीये, मधला रस्ता आहे, फक्त तो रोज न चुकता पाळावा लागतो. काहीच नाही केलं तर बहुतेक पिल्लं जातात.

आपल्याकडे सेमिनरी हिल्सचं व्हेटरनरी कॉलेज आहे, १९५८ पासूनचं, तिथल्या दवाखान्यात खासगीपेक्षा कमी पैशात काम होतं. वेळ जास्त लागतो, विद्यार्थी आजूबाजूला असतात, पण शिकवणारे प्राध्यापक स्वतः बघतात. मी स्वतः बरेच पेशंट तिकडे पाठवतो.

जास्तीचा इलाज कुठे होतो तेही सांगतो, आणि त्यात आमच्यासोबत घरच्या लोकांचाही हात असतो. "डॉक्टर, एक सलाईन लावून द्या ना, अशक्त वाटते." पाणी पिणाऱ्या, जेवणाऱ्या प्राण्याला सलाईननं ताकद येत नाही. मोठा कुत्रा एक दिवस पातळ शी करतो पण खेळतो, पाणी पितो, उलटी नाही, रक्त नाही, तर बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही, दोन दिवस हलकं जेवण, भात आणि उकडलेलं चिकन किंवा थोडं दही, तेवढ्यानं बरा होतो. पिल्लाला आणि म्हाताऱ्याला हा नियम नाही, त्यांना दाखवा. मोठ्या जातीच्या पिल्लांना कॅल्शियमच्या बाटल्या पाजणं तर बंदच करा, चांगलं रेडिमेड पिल्लांचं खाणं देत असाल तर वरून कॅल्शियम दिल्यानं हाडं मजबूत न होता बिघडतात.

आणि घरच्या डब्यातलं औषध! पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते, अर्ध्या गोळीनं पण घेऊ शकते. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतं, कुत्र्याला देऊ नका, डायक्लोफेनॅक पण नाही. कुत्र्याचं गोचिडाचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला लावलं तर मांजराला फिट येतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण नाही. सावजीच्या रश्श्यातली हाडं तर दोन्हीनं वाईट, मसाला पण आणि शिजून टोकदार झालेलं हाड पण.

मोठ्या आजाराचं नाव ऐकून लोक दोन टोकं गाठतात. कॅन्सर म्हटलं की एक तर "काही करू नका डॉक्टर, त्रास नको" किंवा "मुंबईला नेतो, घर विकतो." कोणता कॅन्सर ते आधी विचारा ना. रस्त्यावरून आणलेल्या देशी कुत्र्यांना लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब येतात, आत फुलकोबीसारखी गाठ असते, टीव्हीटी म्हणतात, तो कॅन्सरच आहे, पण आठवड्याला एक विनक्रिस्टिनचं इंजेक्शन, साधारण ४ ते ६ आठवडे, आणि बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात, औषध महागही नाही. असा कुत्रा कॅन्सर म्हणून सोडून दिलेला बघितला की मला फार वाईट वाटतं. याउलट गळ्याला, गुडघ्यामागे गाठी येतात तो लिम्फोमा: पूर्ण केमो केली तर साधारण वर्षभर, तेही बऱ्यापैकी चांगल्या अवस्थेत, आणि नुसत्या स्टेरॉइडवर एक-दोन महिने. दोन्हीपैकी काहीही निवडलं तरी ते चुकीचं नाही, पण निर्णय स्टेरॉइड सुरू करायच्या आधी घ्यावा लागतो, कारण आधी स्टेरॉइड दिलं की नंतर केमो नीट लागू होत नाही. म्हणून गाठ दिसली की सुईनं नमुना काढून तपासा, ही तपासणी माझ्या त्या प्रश्नात शंभर टक्के बसते, रिपोर्टप्रमाणे सगळंच बदलतं.

वय झालेल्या प्राण्याबद्दल शेवटी "कधी थांबायचं" हा प्रश्न येतोच. तुमच्या लॅबची वेळ अजून दूर आहे, पण पुढे लागेल म्हणून लिहितो. ॲलिस व्हिल्लालोबोस नावाच्या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ मध्ये एक मोजमाप दिलं, मी तेच वापरतो. सात गोष्टींना ० ते १० गुण: दुखणं ताब्यात आहे का, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहायला अर्थ आहे. हे घरातल्या प्रत्येकानं वेगवेगळं, एकमेकांना न दाखवता भरायचं. ज्या घरात रोज भांडणं होत होती तिथे कागदावर आकडे आल्यावर सगळे शांतपणे बोलायला लागलेले मी बघितले. दुखण्याचं औषध, भूक लागायचं औषध, मऊ अंथरूण, लादीवर पाय घसरू नये म्हणून सतरंजी, हा पण पूर्ण इलाजच आहे, "आता काही करत नाही" असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. आणि शेवटी झोपेचं इंजेक्शन द्यायचं ठरलं तर ते त्याला जेवण जात असतानाच, एखाद्या बऱ्या दिवशी दिलेलं चांगलं, रात्रभर तडफडून झाल्यावर सकाळी नाही. देताना घरच्यांनी जवळ थांबावं, तो खोलीत तुम्हालाच शोधत असतो.

तर तुमच्यापुरतं असं करा. या आठवड्यात लॅबचं वर सांगितलेलं रक्त, तोंडाची नुसती तपासणी, आणि रिपोर्ट ठीक असेल तर डॉक्टरच्या मापानं दुखण्याचं औषध, जेवणानंतरच. काळी शी, उलटी किंवा भूक बंद झाली तर त्याच क्षणी बंद करा आणि फोन करा. तो गाढ झोपलेला असताना एका मिनिटात किती श्वास घेतो ते मोजून लिहून ठेवा, ३० च्या खाली असायला पाहिजे. पुढे कधी सतत वर राहायला लागलं तर हृदयाकडे बघावं लागेल, तेव्हा हे जुने आकडे फार उपयोगी पडतात. दर १५ दिवसांनी वजन. महिन्याभरात अडीच किलोच्या दिशेनं उतरायला लागला आणि उठणं सोपं झालं तर एक्सरे राहू द्या. वजन उतरूनही तसाच आखडत असेल तर काढा.

बोक्याला मात्र याच महिन्यात न्या. रॅबिजची लस, मांजरांची तीन आजारांची एकत्र लस आणि तिचा बूस्टर, जंताचं औषध, आणि वजन बघून नसबंदी. बाहेर फिरणारा बोका मारामाऱ्या करून जखमा, पू आणि चावण्यातून पसरणारे आजार घेऊन येतो, आणि मांजर दुखणं शेवटपर्यंत लपवतं, त्यामुळे "ठणठणीत दिसतो" यावर विसंबू नका. न्यायला झाकणाची टोपली घ्या, आठवडाभर आधी घरात उघडी ठेवून त्यातच खायला द्या म्हणजे घाबरणार नाही, आणि सकाळची पहिली वेळ मागून घ्या, तेव्हा कुत्र्यांची गर्दी नसते. रक्ताचा रिपोर्ट आला की क्रिएटिनिन आणि एएलटीचे (लिव्हरची तपासणी) आकडे इथेच कळवा, औषध कोणतं ते तेव्हा बोलू.